ताटावर आडवा हात

मराठी माणसाला 'पुरे' हा शब्द ऐकू येत नाही. हा दोष कानाचा नव्हे, संस्काराचा आहे. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलब्या घेऊन आला आणि आपण 'पुरे' म्हणालो, की तो दोन वाढतो. 'नको' म्हणालो तर चार. शेवटी आपण ताटावर दोन्ही हात आडवे धरतो, कमरेत वाकतो, जवळजवळ ताटावर निजतोच. तरी बोटांच्या फटीतून एक जिलबी खाली उतरतेच. याला आपण आग्रह म्हणतो, आणि आग्रहाला माया म्हणतो. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पोट माणसाचं असतं. ते कुरकुरतं, दुखतं आणि फारच झालं तर दोन दिवस संपावर जातं.

पण हाच आग्रह आपण वाहनांना करू लागलो, की घोटाळा होतो. कारण ट्रकला ताटावर आडवा हात धरता येत नाही.

बैलाला तो धरता यायचा. नाणेघाट चढून जुन्नरच्या बाजारपेठेत माल येत असे, त्या सातवाहनांच्या काळाचा विचार करा. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून तांडे घाट चढायचे. घाटाच्या माथ्यावर दगडाचा एक भला मोठा रांजण आजही आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असत, असं सांगतात. जकात किती घ्यायची हे राजा ठरवत असेल. पण ओझं किती घ्यायचं हे शेवटी बैल ठरवायचा. एक गोणी जास्त झाली की तो भर चढावर बसकण मारायचा. शेपटी पिरगाळा, चाबूक ओढा, राजाची मुद्रा दाखवा, बैल उठायचा नाही. आरटीओ, वजनकाटा आणि न्यायालय ही तिन्ही खाती तो एकटा सांभाळायचा, आणि तेही कडब्याच्या पगारावर.

सरकारनंही जनावरांचा हा आडवा हात कायद्यात लिहून ठेवला आहे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारनं नियम केले. त्यांत गाढवाच्या पाठीवर ५० किलो, उंटाच्या पाठीवर २५० किलो, अशी मर्यादाच घालून दिली आहे. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दप्तराचं वजन त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, हे केंद्राचं धोरण मात्र २०२० सालचं. म्हणजे गाढवानंतर मुलांचा नंबर लागायला पंचावन्न वर्षं गेली. आमच्या चिरंजीवांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बाबा, गाढव कुणाच्या क्लासला जात नव्हतं, म्हणून त्याला वेळ मिळाला असेल."

यंत्र आलं आणि बसकण मारणारा गेला. यंत्र तक्रार करत नाही, ते एकदम मोडतं. आणि ते मोडतं तेव्हा बैलासारखं जागच्या जागी बसत नाही, उतारावरून खाली जातं. म्हणून यंत्राच्या वतीनं कुणीतरी ताटावर आडवा हात धरायला हवा. तो कुणी धरायचा, हा माझ्या मते आपल्या काळातला एक मोठा नैतिक प्रश्न आहे. मी बँकेत कारकून आहे आणि शिक्षणानं बी.कॉम. आहे. तेव्हा नैतिक प्रश्नाशी माझा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. संबंध एवढाच, की वीस वर्षं मी जमा आणि नावे या दोन रकान्यांत जग बघत आलो आहे. एका बाजूला काही लिहिलं की दुसऱ्या बाजूला ते कुठंतरी लिहावंच लागतं. ते कुठं लिहिलंय हे सापडलं नाही, की रात्री नऊपर्यंत घरी जाता येत नाही.

माझी बदली जुन्नर तालुक्यात झाली आणि नारायणगाव ते जुन्नर या पंधरा-सोळा किलोमीटरच्या वाटेवर माझं तत्त्वज्ञानाचं शिक्षण सुरू झालं. एस.टी. चुकली की जीप. जीपच्या कागदपत्रांवर किती माणसं लिहिली आहेत, हा प्रश्न सभ्य माणूस विचारत नाही. बाईचं वय आणि जीपची आसनं, दोन्ही बाबतीत दिसेल तेवढं मानायचं असतं. मागं समोरासमोर दोन बाकं. त्यांवर माणसं, माणसांच्या मांडीवर मुलं, मुलांच्या मांडीवर पिशव्या. मधल्या बाकावर पाच. पुढं ड्रायव्हरशेजारी तीन. ड्रायव्हर हा त्या गाडीतला एकमेव माणूस, ज्याला बसायला जागा मिळालीच पाहिजे असं कुणालाच वाटत नाही. तो एका मांडीनं आत आणि एका मांडीनं दाराबाहेर असतो. गिअर बदलायचा झाला की तो नुसतं "काका, पाय" म्हणतो. काका पाय उचलतात, गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते, काका पाय खाली ठेवतात. लोकांच्या सहभागातून कारभार कसा चालतो, हे पाहायचं असेल तर दिल्लीला जायची गरज नाही.

एवढं झाल्यावर फाट्यावर आणखी एक जण हात करतो. गाडी थांबते. आतून एकमुखानं आवाज येतो, "अहो, जागा कुठाय?" ड्रायव्हर शांतपणे म्हणतो, "सरका की जरा. पुढच्याच फाट्याला उतरायचंय त्यांना." तो माणूस चढतो, कसाबसा टेकतो आणि दुसऱ्या फाट्यावर गाडी पुन्हा थांबली, की सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडतो, "अहो, जागा कुठाय?"

हे अनेकदा ऐकल्यावर माझ्या हाती एक सिद्धांत लागला. जादा माणूस म्हणजे आपल्यानंतर चढलेला माणूस. आपण स्वतः जादा आहोत असं वाटणारा प्रवासी अजून जन्माला यायचा आहे. पंधरा जणांच्या जीपमध्ये प्रत्येकाच्या मते चौदा जण बरोबर बसलेले नसतात आणि एक जण बरोबर बसलेला असतो. तो कोण, हे सांगायला नकोच.

प्राचीन ग्रीसमध्ये युबुलिडीस नावाच्या तत्त्वज्ञानं याच धर्तीचा एक पेच टाकला होता. गव्हाचा एक दाणा म्हणजे ढीग नव्हे. दोन दाणे म्हणजेही नव्हे. एकेक दाणा टाकत गेलं, तर नेमक्या कोणत्या दाण्याला ढीग होतो? तेवीसशे वर्षांहून अधिक काळ विद्वान डोकं खाजवताहेत. युबुलिडीस गळीत हंगामात इकडे आला असता, तर त्याला दाण्याच्या जागी उसाची मोळी दिसली असती आणि पेच जास्त निकडीचा वाटला असता.

दिवाळी झाली की आमच्याकडे रस्त्यांचा रंग बदलतो. जुन्नर तालुक्यात विघ्नहर आणि आंबेगाव तालुक्यात भीमाशंकर, असे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि टायरच्या बैलगाड्या यांचा रस्त्यावर राबता असतो. महाराष्ट्रात कुठंही जा, हंगामातलं दृश्य एकच. ट्रॅक्टर पुढं, त्याच्यामागं एक ट्रॉली, तिच्यामागं आणखी एक. आणि ऊस असा रचलेला, की मागून पाहणाऱ्याला फडच उठून निघालाय असं वाटावं. भरणारा वर उभा असतो. खालून मोळी येते. तो म्हणतो, "बास झालं." खालचा म्हणतो, "ही एवढी एकच. हिच्यानं काय होतंय?"

'हिच्यानं काय होतंय' या वाक्यात खोट काढता येत नाही. त्या एका मोळीनं खरंच काही होत नाही. तिच्या आधीच्या मोळीनंही झालेलं नसतं. कुठल्याच मोळीनं काही होत नाही, आणि सगळ्या मिळून ट्रॉली उलटते. शिवाय त्या मोळीमागं कुणाचा दुष्टपणा नसतो. ऊस तोडणाऱ्या टोळीला पैसे टनावर, वाहतूकदाराला टनावर, शेतकऱ्याला उसाचा भाव टनावर. टनावरच सगळ्यांचं पोट. ट्रॉली सुखरूप पोचली, वाटेत कुणाचं काही झालं नाही, याला टनाचा भाव अजून कुणी बांधून दिलेला नाही. ज्या गोष्टीला भाव नाही ती वहीत येत नाही, आणि वहीत नाही ती नाहीच, अशी आम्हा हिशेबी लोकांची समजूत असते.

आमच्याकडे संध्याकाळनंतर एकट्यानं मोटारसायकलवर जाऊ नये म्हणतात. उसातून बिबट्या येतो. येतो हे खरं आहे. त्यासाठीच जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. पण मला विचाराल तर अंधारात बिनदिव्याच्या ट्रॉलीपेक्षा बिबट्या परवडला. त्याचे डोळे निदान दिव्याच्या झोतात चमकतात.

आता कायद्याचा आडवा हात बघू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातल्या कलम १९४ प्रमाणे जादा मालाला पूर्वी किमान २,००० रुपये आणि वरच्या दर टनाला १,००० रुपये दंड असे. २०१९ च्या दुरुस्तीनं तो २०,००० रुपये आणि वरच्या दर टनाला २,००० रुपये झाला. जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. म्हणजे कायद्याप्रमाणे पाच टन जादा असेल तर तीस हजार. प्रवासी गाडीत जादा माणसं भरली तर माणशी २०० रुपये. माझ्या व्यावसायिक सवयीनं मी हिशेब केला. साठ किलोचा माणूस धरला, तर सोळा-सतरा माणसांचा एक टन होतो, आणि त्यांचा दंड सव्वातीन हजारांच्या घरात जातो. एक टन कांद्याचा, सुरुवातीचे वीस हजार सोडले तर, दोन हजार. म्हणजे वजनावर विकला तर माणूस कांद्यापेक्षा अजूनही थोडा महाग आहे. कांद्याचे भाव बघता हे किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही.

हा दंड ऐकून कुणीही हादरेल असं मला वाटायचं. पण आमच्या शाखेत एक ट्रकवाले शेठ येतात. कर्जाचा हप्ता कधी चुकवत नाहीत, येताना काउंटरवर ओंजळभर द्राक्षं ठेवतात. थोडक्यात आदर्श खातेदार. त्यांच्या खिशात एक छोटी डायरी असते. त्यात दर खेपेचा हिशेब. मी सहज डोकावलो. डिझेल, टोल, हमाली, चहा, दंड.

"शेठ, दंड चहाच्या शेजारी?" मी म्हणालो.

"मग कुठं लिहू, साहेब? खर्चच की तो. टोल भरतो तसा दंड भरायचा. दहा खेपांत एकदा धरत्यात. नऊ खेपांचा जादा माल आपल्या पदरात. तुम्ही बँकवाले, तुम्हीच बेरीज करा."

बेरीज बरोबर होती, हेच वाईट होतं. पण नोंद चुकीच्या खात्यावर होती. वाणिज्य शाखेत एक गोष्ट शिकवतात. कायदा मोडल्याबद्दल भरलेला दंड आयकराचा कायदा धंद्याचा खर्च म्हणून वजा करू देत नाही. डिझेल वजा होतं, टोल वजा होतो, दंड नाही. विद्यार्थी असताना मी हे दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. आता कळतं की त्या दोन मार्कांत एक अख्खं नीतिशास्त्र आहे. किंमत म्हणजे एखादी गोष्ट करण्याचा हक्क विकत घेणं. दंड म्हणजे ती गोष्ट करायचीच नव्हती असं सांगणं. दोन्हींचे रुपये सारखे दिसतात, म्हणून घोटाळा होतो.

हा घोटाळा नुसता आमच्या शेठजींचा नाही. इस्राएलमध्ये हैफा शहरातल्या पाळणाघरांत काही आईबाप मुलांना न्यायला उशिरा येत. बिचाऱ्या बाई खोळंबून राहायच्या. नीझी आणि रुस्तिकिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी तिथं एक प्रयोग केला. त्याचा निबंध २००० साली प्रसिद्ध झाला. दहांपैकी सहा पाळणाघरांत उशिरा येणाऱ्यांना दंड लावला. उशीर कमी व्हायला हवा ना? तो वाढला. पूर्वी आईबापांना बाईंसमोर ओशाळं वाटायचं. आता त्यांना वाटू लागलं, आपण पैसे मोजतोय, ओशाळायचं कशाला? उशीर ही विकत मिळणारी वस्तू झाली. पुढं दंड बंद केला, तरी उशीर खाली आला नाही. लाज एकदा विकून टाकली की ती परत विकत मिळत नाही.

ट्रकच्या बाबतीत आपल्याकडे काही राज्यांनी याच्याही पुढं मजल मारली होती. दंड भरा आणि जादा मालासकट पुढं जा, अशी सोयच करून ठेवली होती. २००५ साली परमजित भसीन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असं चालणार नाही. दंड भरला म्हणून जादा ओझं पुढं नेण्याचा परवाना मिळत नाही. ते खाली उतरलंच पाहिजे. मला हा निकाल फार आवडतो. पावती ओझ्याची नव्हे, अपराधाची आहे, एवढंच त्यात सांगितलं आहे. पावती फाडल्यानं ट्रकचं वजन कमी होत नाही. उलट, काटेकोरपणे बोलायचं तर पावतीच्या कागदाइतकं ते वाढतं.

शेठजींना मी हे ऐकवलं. त्यांनी द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकला आणि मला कोंडीत पकडलं. "बरं साहेब, मग सांगा. दहा चाकी गाडीला मालासकट पंचवीस टनांची मर्यादा होती. २०१८ च्या जुलैत सरकारनं ती साडेअठ्ठावीस केली. म्हणजे साडेतीन टन जादा, हे जूनमधलं पाप. जुलैत त्याचंच पुण्य. रस्ता तोच, डांबर तेच. मग पाप कशाला म्हणायचं?"

प्रश्न बिनतोड वाटतो. रेघ सरकारनं आखलेली असेल आणि सरकार ती खोडून पुढं ओढू शकत असेल, तर रेघेपलीकडं जाणं ही फक्त सरकारची अवज्ञा. त्यात नीतीचा काय संबंध? याचं उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. बँकेत रोख बंद करताना ते सुचलं. रिझर्व्ह बँक व्याजाचे दर बदलते, म्हणून काही पाढे बदलत नाहीत. रेघ कुठं आखायची हे माणूस ठरवतो. रेघेमागं जे उभं असतं ते माणूस ठरवत नाही.

ते काय असतं, हे अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम तपासलं गेलं. सरकारनं वेगवेगळ्या जाडीचे रस्ते गोलाकार बांधले, लष्कराचे ड्रायव्हर बसवले आणि ठरावीक वजनाचे ट्रक दोन वर्षं त्याच त्याच रस्त्यांवरून फिरवले. कोलूच्या बैलालाही कीव यावी असं ते काम. त्यातून एक ढोबळ नियम निघाला. एका आसावर येणारं वजन वाढलं, की रस्त्याची झीज त्याच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वजन दुप्पट, तर झीज सोळापट. वजन सव्वापट, तर झीज जवळजवळ अडीचपट. सोप्या भाषेत सांगायचं तर शेठजी भाडं सरळव्याजानं कमावतात आणि रस्ता चक्रवाढीनं फेडतो. त्या रस्त्यावरच्या खड्ड्यात पडणारा मोटारसायकलवाला शेठजींच्या डायरीत कुठंच नसतो. दुसऱ्या बाजूची नोंद कुठं गेली म्हणून आपण शोधत होतो ना? ती तिथं जाते.

मर्यादेच्या वर जरा जागा उरलेली दिसते, हे खरं. पंचवीस टनांच्या गाडीवर सव्वीस टन घातले म्हणून ती लगेच मोडत नाही. पण बँकही शंभर रुपयांच्या सोन्यावर शंभर रुपये कर्ज देत नाही. काही भाग मागं ठेवते. त्याला आम्ही मार्जिन म्हणतो. भाव कोसळला, खातेदार आजारी पडला, पाऊस आला नाही, अशा वाईट दिवसासाठी ते असतं. गाडीच्या ब्रेकमध्ये, पाट्यांत, टायरमध्ये असंच मार्जिन असतं. समोर अचानक पोर आडवं आलं, उतारावर खडी पसरलेली असली, त्या क्षणासाठी. आपल्याला मात्र ती रिकामी जागा वाटते, आणि रिकामी जागा दिसली की आपण तिथं एक मोळी किंवा एक काका बसवतो. मार्जिन आपलं नसतं. समोरून येणाऱ्याचं ते आपल्याकडं ठेवलेलं असतं. ठेवीदाराचे पैसे वापरले तर कारकून तुरुंगात जातो.

इथं थोडा वेळ हसणं बाजूला ठेवायला हवं. ११ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार. आमच्या शेजारच्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला गावातल्या बायका निघाल्या. गाडी होती मालाची पिकअप. तिच्यात तिसाहून अधिक माणसं होती. डोंगरातल्या रस्त्यावरून ती खाली कोसळली आणि एकाच गावातल्या कितीतरी बायका गेल्या. चुली एकमेकींना लागून असलेल्या, हातात पूजेची ताटं घेऊन निघालेल्या. त्या दिवशी दोष कुणाचा हे तपासणारे तपासतील. मला फक्त त्या गाडीत शेवटी चढलेल्या बाईचा विचार छळतो. तिला इतरजणींनी हात देऊन वर घेतलं असेल. "ये गं, होईल जागा." ज्या मायेनं आपण जिलबी वाढतो, त्याच मायेनं. तिला नाही म्हणणं हे त्या दिवशी कुणालाही दुष्टपणाचंच वाटलं असतं.

म्हणूनच 'कायदा पाळा' एवढं सांगून हा प्रश्न मिटत नाही. जुन्नरच्या पश्चिमेला घाटघरकडे, आंबेगावच्या पश्चिमेला आहुप्याकडे जाणारी वाट धरा. संध्याकाळची वेळ, पावसाची झड, शेवटची जीप. चौदा माणसं आत आहेत. तापानं फणफणलेलं पोर खांद्यावर घेऊन एक बाई उभी आहे. दवाखान्यातून आली आहे. ती जादा आहे का? कायदा म्हणतो, आहे. कायदा फार काळजीपूर्वक लिहिलेला आहे. जादा प्रवासी खाली उतरवून त्यांच्यासाठी दुसऱ्या वाहनाची व्यवस्था होईपर्यंत गाडी जागची हलू देऊ नये, असंही त्यात आहे. वाचून मला भरून आलं. फक्त त्या रस्त्यावर दुसरं वाहन म्हणजे उद्या सकाळची हीच जीप.

तेव्हा त्या बाईला घेणारा ड्रायव्हर पापी, असं म्हणायची माझी छाती नाही. पण मग हिशेब दोन भागांत मांडावा लागतो. शेठजींचा पाचवा जादा टन आणि त्या बाईचं पोर, वजनकाट्याला दोन्ही सारखेच. नीतीच्या काट्याला नाहीत. पहिल्यात एक माणूस नफा घेतो आणि धोका दुसऱ्याच्या नावे टाकतो. दुसऱ्यात धोका सगळे वाटून घेतात, कारण दुसरी गाडी सोडणं ज्यांचं काम होतं ते त्या वेळी घरी पोचलेले असतात. पहिल्याला दंड हवा आणि माल खाली उतरवायला हवा. दुसऱ्याला दंडापेक्षा दुसरी गाडी हवी. पण ही दुसरी गोष्ट पहिल्यानं तोंडी लावू नये. "गरिबाच्या पोटावर पाय आणता का?" हे वाक्य मी आजवर जितक्या वेळा ऐकलं, त्यांतल्या बहुतेक वेळा बोलणाऱ्याच्या बोटात अंगठी होती.

आणि दुसऱ्या बाजूला, रोज सकाळी नऊला, दर वीस मिनिटांनी गाडी मिळत असताना जीपमध्ये पंधरावे म्हणून घुसणारे आपण सगळे नोकरदार त्या बाईच्या पदराआड लपू शकत नाही. आपल्याला दुसरी गाडी असते. आपल्याला फक्त वीस मिनिटं नसतात.

यावर उपाय सुचवण्याचा अधिकार मला नाही. दंड वाढवून शेठजींच्या डायरीत आकडा वाढेल, रकाना बदलणार नाही, एवढं मात्र कळतं. माल खरोखर खाली उतरला, रात्री दोन वाजता आळेफाट्यावर पाच टन कांदा स्वतःच्या जोखमीवर रस्त्याकडेला रचून राखत बसावं लागलं, तर दंड आणि चहा यांतला फरक कळायला वेळ लागणार नाही.

आमच्याकडच्या जीपवाल्यांत एक जण आहे. वयानं तिशीचा असेल. त्याच्या गाडीत कागदावर जेवढी आसनं तेवढी माणसं झाली, की तो दाराला हात आडवा लावतो आणि म्हणतो, "भरली." एवढंच. कारण सांगत नाही, कायदा सांगत नाही. लोक त्याला माजोरी म्हणतात. "चार पैसे आले की असंच होतं," असं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. मागून येणारा जीपवाला राहिलेल्यांना हसत गोळा करतो, "या हो काका, आपली गाडी रबराची आहे," आणि लोक त्याला दुवा देतात. आग्रह करणारा नेहमीच जास्त लोकप्रिय असतो.

चार पैसे आले, हे मात्र खरं नाही. त्याचं खातं आमच्याच शाखेत आहे. खातेदाराची शिल्लक बाहेर सांगणं आमच्या नियमात बसत नाही, त्यामुळं आकडा सांगत नाही. फार नाही, एवढंच सांगतो. पण पासबुक भरून घ्यायला तो येतो, तेव्हा आमचे हेडकॅशियर, जे मॅनेजरसाठीही उठत नाहीत, ते खुर्ची थोडी मागं घेतात आणि त्याला विचारतात, "काय, आज किती जणांनी शिव्या दिल्या?"